जुनी मस्टँग ट्रॅकवर: ब्रेक आणि सस्पेन्शन आधी, इंजिन नंतर

कॅलिफोर्नियात मॉन्टरेजवळ लगुना सेका नावाचा रेसट्रॅक आहे. लांबी साधारण ३.६ किलोमीटर, वळणं ११. दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या रेसगाड्यांचा मोठा मेळा भरतो आणि त्याचे व्हिडिओ फिरायला लागले की मला ओळखीच्यांचे फोन येतात. प्रश्न साधारण एकच असतो. एवढी दांडगी अमेरिकन गाडी, बॉनेटखाली व्ही-एट इंजिन, मग वळणावर ती एवढी एका अंगावर का झुकते? आणि वळण अजून लांब असताना चालक ब्रेक का दाबायला लागतो?

माझ्या भाच्याला याचं उत्तर स्वतःच्या पायाखाली मिळालं. त्याच्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. २८९ घनइंचाचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हौसेनं तो ती ट्रॅक डेला घेऊन गेला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरून आपलीच गाडी बंद ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये जोरात चालवायची, हेल्मेट घालून, बरोबर शिकवणारा घेऊन. पहिल्या दोन चकरा झकास झाल्या. तिसऱ्या चकरेत दुसऱ्या वळणाआधी त्यानं ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या दुप्पट खाली गेलं. भराभर पंप मारून त्यानं गाडी आवरली, वळणाबाहेरच्या मोकळ्या जागेतून कशीबशी आत आणली. "मामा, पेडल खालीच गेलं," एवढंच बोलला. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता, आणि वास तर मी लहानपणापासून ओळखतो: बोरघाट उतरून आलेल्या ट्रकचा.

त्या दिवसापासून वर्षभर आम्ही दोघांनी त्या गाडीवर काम केलं. त्यातून जे नीट कळलं ते इथे सोप्या शब्दांत मांडतो. उदाहरण मस्टँगचं असलं तरी त्या काळच्या कमॅरो, चार्जर, जीटीओ यांची गोष्ट फार वेगळी नाही.  

ही गाडी मुळात कशासाठी होती?

मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. खालचा सांगाडा फोर्डच्या फाल्कन या स्वस्त घरगुती गाडीचा होता. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे सरळसोट एक्सल आणि त्याखाली कमानपाटे, म्हणजे आपल्याकडच्या जीपला किंवा टेम्पोला असतात तेच. किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती आणि तरुण माणसाला ती परवडावी हाच सगळा बेत होता. शंभरच्या वेगानं हायवेवर मऊ चालणं, सिग्नलवरून जोरात सुटणं आणि दिवसाकाठी दहा-वीसदा आरामात थांबणं एवढ्यासाठी ती उत्तम होती. वीस मिनिटं सलग पिळून काढायला ती कोणी बनवलीच नव्हती. तेव्हा तिच्यात खोट आहे असं समजू नका. तिला नवं काम द्यायचं असेल तर त्या कामाची तयारी आपण करायची, इतकंच.

तीन सेकंद, तीन लिटर उकळतं पाणी

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमकं काय करतो? तो वेगाची उष्णता करतो. वेग कुठे नाहीसा होत नाही, लोखंडात जाऊन बसतो.

चालकासकट मस्टँग १,४०० किलोची धरा. ती १६० वरून ८० वर आणताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता जाते, तेवढ्यात साधारण सव्वातीन लिटर गार पाणी उकळायला लागेल, आणि हे सगळं तीनेक सेकंदांत. शहरात ५० च्या वेगावरून सिग्नलला थांबताना याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढीच उष्णता होते, कारण वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. शिवाय सिग्नलनंतर पुढचा सिग्नल येईपर्यंत ब्रेक गार होतो. लगुना सेकावर एका चकरेला अशा गाडीला दोन मिनिटांच्या आसपास लागतात आणि त्यात जोराचे चार-पाच ब्रेक येतात. एका फेरीत चाळीस-पन्नास. चुलीवरचं भांडं उतरवायच्या आत पुन्हा जाळ घालायचा, असं चाळीस वेळा.

म्हणून जुन्या गाडीच्या ब्रेकबद्दल एकच प्रश्न विचारायचा: दहावा ब्रेक पहिल्यासारखा लागतो का? पहिला तर १९६६ च्या ड्रमचाही कचकन लागतो, चाकं जाम करण्याइतका.

ड्रम का दमतो?

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा असतो. आतून दोन अर्धगोल शू बाहेर फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. या रचनेत एक खुबी आहे. फिरता डबा शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू आणखी घट्ट रुततो. दाराखाली सरकवलेल्या पाचरीसारखं: दार ढकलावं तसतशी पाचर आवळत जाते. त्यामुळे पायाला जोर कमी लावावा लागतो.

पण हीच खुबी ट्रॅकवर नडते. पाचरीची पकड जरा कमी झाली तर दार एकदम सरकतं ना, तसंच शूचं घर्षण थोडं घसरलं की ब्रेकचा जोर कितीतरी जास्त घसरतो. डावीकडचा ड्रम उजवीपेक्षा जास्त तापला असेल तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. त्यात डबा तापला की फुगतो, आणि फुगतो तो शूपासून लांब, बाहेरच्या दिशेला. मग शूला जास्त पल्ला गाठावा लागतो आणि पेडल खोल जातं. डबा बंद असल्यानं उष्णता बाहेर पडायलाही वाट नसते.

डिस्क ब्रेकचं काम उघड्यावर चालतं. फिरती तबकडी आणि तिला दोन्हीकडून चिमटा घेणारे पॅड, सायकलच्या रिमला रबर दाबतं तसं. तबकडी तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनंच फुगते. मधे पोकळी असलेली व्हेंटेड डिस्क तर फिरताना पंख्यासारखी वारा फेकते. फोर्ड त्या काळीही मस्टँगला पुढच्या डिस्क जादा पैसे घेऊन देत असे: केल्सी-हेज कंपनीच्या, ११.३ इंची, चार पिस्टनच्या कॅलिपरसह, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यासह. आम्ही त्याच मापाच्या नव्या घडवलेल्या बसवल्या. पुढच्या दोन डिस्क मिळून सोळा किलो लोखंड धरलं, तरी वर सांगितलेल्या एका ब्रेकला त्यांचं तापमान साधारण १०० अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत त्यातलं किती उतरतं यावर सगळा खेळ आहे. म्हणून डिस्कच्या मागे असलेला धुळीचा पत्रा थोडा कापून, समोरच्या जाळीपासून डिस्कच्या मध्यापर्यंत लवचिक नळी आणून वारा घालायचा. या नळीला खर्च फार नाही आणि फरक लगेच कळतो.

एक सावधगिरी. जुने शू उघडताना आतली काळी भुकटी हवेनं फुंकू नका. त्या काळच्या लायनरमध्ये, म्हणजे शूच्या घासणाऱ्या अस्तरात, अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला चांगला मास्क लावा.

पेडल खाली जातं तेव्हा आत काय होतं?

भाच्याचं पेडल फक्त ड्रम फुगल्यानं गेलं नव्हतं. ब्रेक ऑइल उकळलं होतं. पायाचा जोर चाकापर्यंत नेतं ते हे ऑइल. पिचकारीत पाणी भरून तोंड बंद करून दाबा, दट्ट्या हलणार नाही. आता त्यात हवेचा एक मोठा बुडबुडा ठेवा, दट्ट्या मऊ मऊ आत जाईल आणि जोर पलीकडे पोचणारच नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे असे बुडबुडे होतात.

आता हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी प्रमाण फक्त १४० अंशांचं आहे. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. रेससाठी मिळणारं ऑइल कोरडं असताना तीनशेच्याही पुढे जातं. भाच्याच्या गाडीतून आम्ही जे काढलं ते बाटलीत धरून पाहिलं तर गुळाच्या चहासारखं दिसत होतं, आणि नवं ऑइल असतं फिक्या मधासारखं. ते बदलून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, ताजं भरायला एक दुपार लागली. सगळ्या कामात पैशाच्या मानानं सर्वांत मोठा फायदा याच दुपारचा. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल मात्र ट्रॅकसाठी घेऊ नका. रंगाला इजा करत नाही म्हणून प्रदर्शनातल्या गाड्यांत ते वापरतात. त्यात हवा सहज अडकून राहते आणि पेडल स्पंजासारखं लागतं.

आणखी एक बदल मी वेगापेक्षा जिवासाठी सांगेन. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर टाकणारी नळकांडी, एकेरी आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलपासून पुढचे आणि मागचे वेगळे झाले, एक गेला तरी दुसरा उरतो. जुन्या गाडीला हा दुहेरी सिलिंडर बसवल्याशिवाय तिला ट्रॅकवर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्याच वेळी साठ वर्षांचे रबरी होज काढून स्टीलच्या जाळीचे घालावेत. जुना होज पाय दाबल्यावर फुग्यासारखा फुगतो आणि तेवढा जोर वाटेतच राहतो.

मोठ्यात मोठे ब्रेक बसवले तर लवकर थांबेल ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महाग पडतो. गाडी शेवटी टायर थांबवतो. ब्रेकनं चाक जाम केलं की पुढे काम टायरच्या पकडीचं आहे. तळहाताएवढ्या चार ठिकाणी ही गाडी जमिनीला टेकलेली असते, त्यापलीकडे तिला कोण धरणार? मोठी डिस्क उष्णता जास्त पोटात घेते, म्हणजे दहावा ब्रेक वाचवते. पहिल्या ब्रेकचं अंतर चांगल्या टायरनं कमी होतं. म्हणून टायर, ऑइल आणि पॅड आधी, चौदा इंची डिस्कचं स्वप्न नंतर. आणि भोकं पाडलेल्या डिस्क सुंदर दिसतात म्हणून घेऊ नका, वारंवार तापून गार होताना त्या भोकांपासून तडे जातात. साधी सपाट नाहीतर फक्त खाचा असलेली डिस्क बरी.

पॅडचंही तसंच. रस्त्याचा पॅड गार असतानाही पकडतो पण फार तापला की निसरडा होतो. ट्रॅकचा पॅड तापल्यावर जागा होतो, आणि सकाळी पहिल्या सिग्नलला गाडी पुढे सरकते तेव्हा छातीत धस्स होतं. ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदलणं हाच शहाणपणा. नवा पॅड आधी हळूहळू तापवून डिस्कवर त्याचा थर बसवावा लागतो, लोखंडी तव्याला पहिल्यांदा तेल पाजतो तसा.

मागचे ड्रम ठेवायचे की काढायचे?

जोरात ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते. उभ्यानं प्रवास करणाऱ्यांचा एसटीतला लोंढा पुढे येतो तसं वजन पुढे येतं. मस्टँगच्या दोन एक्सलांमध्ये १०८ इंचांचं अंतर आहे. हिशोब केला तर उभी असताना पुढच्या चाकांवर निम्म्याहून थोडं जास्त असलेलं वजन जोराच्या ब्रेकला सत्तर टक्क्यांवर जातं. मागची चाकं हलकी होतात आणि त्यांचा ब्रेक जास्त लागला तर ती आधी जाम होतात. ओल्या रस्त्यावर सायकलचा मागचा ब्रेक करकचून दाबलाय कधी? मागचं चाक बाजूनं पुढे येतं. इथेही तेच होतं, फक्त १६० च्या वेगात. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारी एक चावी मिळते ती बसवायची, मोकळ्या सरळ जागेत कमी वेगावर तपासायचं, आणि पुढची चाकं नेहमी आधी जाम होतील इतपत ती फिरवून ठेवायची. गाडीत चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नाही, त्यामुळे ती चावी आणि आपला पाय हेच एबीएस.

मागचं काम एवढं कमी असल्यानं चांगल्या लायनरचे ड्रम मागे चालतात. माझी स्वतःची आधीची एक जुनी गाडी होती, तिला मी हट्टानं मागेही डिस्क बसवून घेतल्या. गॅरेजवाल्यानं मास्टर सिलिंडर ड्रमचाच ठेवला. ड्रमच्या सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते, ती शूमागे थोडा दाब कायम धरून ठेवते. डिस्कला तो दाब नको असतो. घरी येईपर्यंत मागचे पॅड सतत घासत राहिले, पंचवीस किलोमीटरवर वास सुटला आणि चाकाला हात लावला तर बोट भाजलं. सिलिंडर, झडप, कॅलिपर, पेडल हा सगळा एक संच आहे. त्यातलं एक बदललं की बाकीचे तिघं तपासावेच लागतात.

आता सस्पेन्शन: तळवा सपाट ठेवणं

सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडी यांच्यातले आर्म, स्प्रिंग, शॉकअप आणि बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं. रस्त्यावर आपण त्याच्याकडून आराम मागतो. ट्रॅकवर त्याचं एकच काम: टायरचा तळवा जमिनीवर सपाट टेकलेला ठेवणं. कबड्डीत चढाई करणारा झुकून वळतो तेव्हा पाऊल पूर्ण टेकलेलं असेल तर निसटत नाही. कडेवर आलं की घसरला.

मस्टँगचं दुखणं नेमकं इथे आहे. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला झुकते आणि तिच्याबरोबर बाहेरचं पुढचं चाकही बाहेर कलतं. सगळा भार ज्या टायरवर, तोच बाहेरच्या कडेवर उभा. मग स्टीअरिंग कितीही फिरवा, नाक सरळच जात राहतं.

यावरचा इलाज मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. फोर्डचा सस्पेन्शन इंजिनिअर क्लाउस आर्निंग यानं दाखवलं की पुढच्या चाकाचा वरचा आर्म सांगाड्याला जिथे जोडला आहे तो बिंदू एक इंच खाली घेतला, तर गाडी झुकताना आर्मचा कोन बदलतो आणि तो चाकाचं डोकं आत ओढत राहतो. चाक पुष्कळ सपाट राहतं. नवा भाग नाही, नवा धातू नाही. एका बाजूला दोन भोकं, जुन्या भोकांच्या इंचभर खाली. रेसगाड्या घडवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या कारखान्यात १९६५ मध्ये ज्या ५६२ मस्टँग जीटी३५० म्हणून घडल्या, त्यांत हा बदल होता. त्याबरोबर झोल आवरणारा जाड स्टॅबिलायझर बार, कोनी कंपनीचे शॉकअप, पुढे डिस्क आणि मागे मोठ्या फोर्ड गाडीचे रुंद ड्रम. म्हणजे रेससाठी घडलेल्या गाडीनंही मागे ड्रमच ठेवले. १४ फेब्रुवारी १९६५ ला टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅलीच्या ट्रॅकवर ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि रेसचालक केन माइल्सनं ती शर्यत जिंकून दाखवली. तिच्या घडणीत आणि चाचण्यांतही त्याचा हात होता. पुढे १९६६ च्या मॉडेलमध्ये खर्च वाचवायला आर्मचा हा बदल वगळला गेला. आमच्या गाडीला ती भोकं पाडताना साचा चारदा मोजला, ड्रिल एकदाच चालवलं.

मात्र पुढची कॉइल स्प्रिंग काढताना घाई करू नका. मस्टँगमध्ये ती वरच्या आर्मवर, उंच मनोऱ्यात दाबून बसवलेली असते. योग्य दाबपकड नसताना ती सुटली तर हात मोडतो, जीवही जाऊ शकतो. हे काम जाणत्याबरोबरच करा.

कॅम्बर, कॅस्टर, टो: तीन शब्द एकदाच

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा कल. डोकं आत झुकलं तर उणे. कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कल, सायकलचा पुढचा चिमटा कलता असतो तसा. त्यानं गाडी वेगात सरळ राहते. टो म्हणजे दोन चाकांची पावलं आत वळली आहेत की बाहेर.

कारखान्याचे मूळ आकडे त्या काळच्या टायरसाठी होते, आपल्याकडे ज्यांना नायलॉनचे टायर म्हणत तसल्या. आजच्या रेडियल टायरला ते चालत नाहीत. ट्रॅकसाठी सुरुवात म्हणून उणे दीड ते दोन अंश कॅम्बर, तीन अंश किंवा जास्त कॅस्टर, आणि टो जवळजवळ शून्य. हे आकडे अलाइनमेंटवाल्याच्या हातात चिठ्ठीवर लिहून द्यावे लागतात. नाहीतर तो प्रेमानं पुन्हा १९६६ चेच लावून देतो.

जितकं कडक तितकं चांगलं का?

नाही. ट्रॅक काचेसारखा सपाट नसतो. लगुना सेकाच्या प्रसिद्ध कॉर्कस्क्रूमध्ये गाडी चढ संपताच डावीकडे वळते आणि पायाखालची जमीन पाच मजली इमारतीएवढी खाली जाते. तिथे स्प्रिंग फार कडक असेल तर चाक जमिनीमागे खाली जात नाही, हवेत राहतं. हवेतल्या चाकाला पकड नाही, ब्रेकही नाही. स्प्रिंग मूळपेक्षा कडक हवी, पण शॉकअप त्या जोडीचा हवा. स्प्रिंग उसळते आणि शॉकअप ती उसळी आवरतो. नव्या स्प्रिंगला जुना शॉकअप म्हणजे खोंडाला सुतळीनं बांधणं.

मागचा एक्सल समजून घ्यायला कावड आठवा. एका दांडीला दोन घागरी. एक वर गेली की दुसरी खाली. सरळ एक्सलचं तसंच आहे, एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो. शिवाय कमानपाट्यांवर दोन कामं पडतात, भार पेलणं आणि एक्सल जागेवर धरणं. जोराच्या ब्रेकला किंवा अ‍ॅक्सिलरेटरला पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात आणि मागची चाकं थडथड उड्या मारतात. शेल्बीनं यासाठी एक्सलला आधाराच्या दांड्या लावल्या होत्या. १९६७ च्या कमॅरोला तर मागे एकेकच पाटा होता, तिचे मालक या थडथडीला चांगलेच ओळखतात. मात्र पाट्यांच्या टोकांना सरसकट कडक प्लास्टिकचे बुश घालू नका. गाडी झुकताना पाट्याला थोडं पिळावंच लागतं, ते अडलं की मागचं टोक अवचित निसटतं.

पुढे मात्र रबर बदलणं मोलाचं आहे. खालच्या आर्मला पुढून धरणारी एक दांडी असते, तिच्या टोकाला जाड रबराच्या चकत्या. भाचा गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा, मी हळूच गाडी पुढे ढकलायचो आणि खाली वाकून पाहायचो. चाक बोटभर मागे सरकायचं. म्हणजे प्रत्येक ब्रेकला आम्ही बसवलेला अलाइनमेंट बिघडत होता. स्प्रिंग ज्या खुर्चीत बसते तिचं रबरही वाळलेलं होतं, म्हणून तर गाडी गतिरोधकावर किर्र वाजायची. ते आवाज जुन्या गाडीचं वैशिष्ट्य म्हणून कौतुकानं ऐकत होतो आम्ही, खरं तर ते अडकलेलं सस्पेन्शन होतं.

सांगाड्याचंही पाहा. पुढच्या दोन मनोऱ्यांना इंजिनमागच्या भिंतीशी जोडणारी एक पट्टी मिळते, तिला एक्स्पोर्ट ब्रेस म्हणतात, कारण खराब रस्त्यांच्या देशांत जाणाऱ्या गाड्यांना फोर्ड ती लावत असे. दोन मनोऱ्यांमध्ये आडवी दांडी दुसरी. खिळखिळ्या बाजेवर कितीही चांगली गादी घाला, बाज डुलणारच. आधी बाज आवळायची.

स्टॅबिलायझर बारनं गाडीचा झोल कमी होतो. पुढचा बार जाड केला की नाक बाहेर जातं, मागचा जाड केला की शेपूट बाहेर जातं. नवशिक्यानं पुढचा एक इंची बार लावून थांबावं. शेपूट बाहेर जाणारी गाडी आवरायला जो हात लागतो तो दहा-वीस ट्रॅक डे नंतर येतो.

अशानं जुनी गाडी बाटते, असं म्हणणाऱ्यांना

ही हरकत मला मनापासून पटते. मूळ रंग, मूळ क्रमांकाचं इंजिन असलेली गाडी असेल तर तिला ट्रॅकवर नेऊच नका, तिचं मोल तसंच राखण्यात आहे. पण आमची गाडी आधीच तीनदा रंगवलेली, दोनदा इंजिन बदललेली होती. त्यातही आम्ही बोल्टनं बसणारे आणि उलट फिरवता येणारे बदलच केले. जुने ड्रम, एकेरी सिलिंडर, रबरी होज, सगळं तेल लावून खोक्यात ठेवलं आहे. फक्त वरच्या आर्मची चार भोकं परत बुजणार नाहीत, आणि मूळ भोकं तर तिथेच आहेत.

दुसरी हरकत: या पैशात नवी गाडी नाही का येणार? येईल, आणि ती ट्रॅकवर जुनीपेक्षा वेगवानही असेल. ज्याला फक्त घड्याळ बघायचंय त्यानं तीच घ्यावी. पण नवीमध्ये संगणक ब्रेक वाटतो, घसरण आवरतो, आपल्या चुका झाकतो. जुनीमध्ये वजन पुढे आलेलं पाठीला कळतं, टायर सुटायला लागलेलं स्टीअरिंगमधून हाताला कळतं.

पुन्हा ट्रॅकवर

यंदा गाडी गेली तेव्हा इंजिनला आम्ही हातही लावला नव्हता. तेच २०० हॉर्सपॉवर. फेरीची शेवटची चकर ब्रेक न दाबता, नुसत्या वाऱ्यानं गार करायची, आणि आत येऊन उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही: तापलेल्या ड्रमवर शू चिकटतो आणि गार होताना ड्रम त्याच्यावर आवळतो. चाकाखाली लाकडी ठोकळा लावायचा, हे भाच्यानं आठवणीनं केलं.

निघण्यापूर्वी मी पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेवर खडूनं आडव्या रेघा ओढल्या होत्या. ही जुनी युक्ती आहे: टायर कडेवर किती कलंडला ते खडू सांगतो. गेल्या वर्षी या रेघा टायरच्या भिंतीवर, कंपनीच्या नावापर्यंत पुसल्या गेल्या होत्या. या वेळी वीस मिनिटांनी आम्ही दोघं वाकून बघत होतो. खडू नक्षीच्या काठापर्यंत पुसलेला होता आणि त्याखाली बोटभर रेघ तशीच पांढरी शिल्लक होती. "पेडल कसं होतं?" मी विचारलं. "शेवटपर्यंत तिथेच होतं, मामा," तो म्हणाला आणि पुढच्या फेरीसाठी टायरची हवा तपासायला लागला.